फेरीची वेळ धरणारं बटण: सरावासाठी सायकल कॉम्प्युटर घेताना

सिल्वासाहून मसाट, रखोलीमार्गे खानवेलच्या दिशेने पहाटे नेमाने सायकल मारणाऱ्याला काही महिन्यांनी एक प्रश्न पडतोच: आपण सुधारतोय की नुसतेच फिरतोय? मोबाइलमधलं ॲप याचं उत्तर सरासरी वेगाच्या आकड्यात देतं. त्या एका आकड्यावर विसंबू नका, हे मला सर्वांत आधी सांगायचं आहे.

समजा, साडेचार किलोमीटरच्या ठरलेल्या रस्त्यावर तुम्ही चार फेऱ्या मारल्या. पहिली ९ मिनिटं १० सेकंदांत झाली, दुसरी ९:२५, तिसरी ९:५०, चौथी १०:२०. एकूण ३८ मिनिटं ४५ सेकंद. पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्यावर चारही फेऱ्या ९:४० च्या झाल्या, एकूण ३८:४०. दोन्ही दिवशी पडद्यावर सरासरी वेग एकच दिसेल, ताशी २७.९ किलोमीटर. पण पहिल्या दिवशी तुम्ही सुरुवातीलाच ताकद उधळलीत आणि चौथ्या फेरीत पाय उचलेनात; दुसऱ्या दिवशी दम राखून चाललात आणि कदाचित पाचवी फेरीही मारू शकला असतात. सरावाच्या दृष्टीने हे दोन दिवस अगदी वेगळे आहेत. सरासरी तो फरक गिळून टाकते, फेरीची वेळ तो उघडा करते.

जगातले सर्वोत्तम सायकलपटूही याच आकड्याच्या आधाराने चालतात. ८ ऑक्टोबर २०२२ रोजी इटलीच्या फिलिपो गान्नाने स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंशनच्या २५० मीटर ट्रॅकवर एका तासात ५६.७९२ किलोमीटर अंतर कापलं. म्हणजे २२७ फेऱ्या आणि वर थोडं अंतर, प्रत्येक फेरी सरासरी १६ सेकंदांच्या आत. ट्रॅकच्या नियमांनुसार स्वाराला दिसेल असा कॉम्प्युटर हँडलवर ठेवता येत नाही, त्यामुळे अशा प्रयत्नात ट्रॅकच्या कडेला उभा असलेला प्रशिक्षक फेरीची वेळ सांगत राहतो. आपल्या कडेला प्रशिक्षक उभा नसतो. त्याचं काम हँडलवरच्या छोट्या यंत्राने करायचं आहे, एवढीच आपली गरज. ती लक्षात ठेवली तर दुकानातल्या निम्म्या वस्तू आपोआप बाद होतात.

म्हणून पहिली आणि माझ्या मते निर्णायक अट: यंत्राला फेरीसाठी स्वतंत्र बटण हवं. ते एकदाच दाबलं की चालू फेरी संपली, तिची वेळ पडद्यावर काही क्षण थांबली, नवी फेरी त्याच क्षणी सुरू झाली आणि एकूण वेळ मागे चालूच राहिली, असं झालं पाहिजे. घरी आल्यावर सगळ्या फेऱ्यांची यादी त्यात सापडली पाहिजे. बटण उठावदार हवं, म्हणजे रस्त्यावरची नजर न हलवता, घामेजल्या अंगठ्याने किंवा हातमोज्यातूनही ते दाबता येईल. स्पर्शाच्या पडद्यावर घामाचे आणि पावसाचे थेंब पडले की बोट एक सांगतं आणि पडदा दुसरंच ऐकतो. फेऱ्या मोजण्यासाठी मी असा पडदा कुणालाही सुचवणार नाही.

इथे बरेच जण फसतात. बाजारातल्या स्वस्त, साध्या कॉम्प्युटरवर वेग, सरासरी, सर्वाधिक वेग, अंतर, चालवण्याचा वेळ आणि घड्याळ एवढं सगळं असतं, पण फेरीची सोय बहुधा नसते. कॅटआयचा वेलो ७ हे याचं चांगलं उदाहरण. यंत्र गुणी आहे, लावायला सोपं आहे, पण फेऱ्यांसाठी ते बनवलेलंच नाही. दर फेरीला ट्रिप शून्य करून काम भागेल असं वाटतं. प्रत्यक्षात शून्य करण्यासाठी बटण दोनेक सेकंद दाबून धरावं लागतं, तेवढी चूक दर फेरीत शिरते आणि आधीची वेळ पुसली जाते ती वेगळीच. खोक्यावर ‘१४ फंक्शन्स’ किंवा ‘२० फंक्शन्स’ छापलेलं असेल तर ती यादी बोट ठेवून वाचा. तिच्यात ‘लॅप’ हा शब्द नसेल तर तो आकडा तुमच्या उपयोगाचा नाही.

यंत्रं ढोबळमानाने तीन जातींची मिळतात. पहिलं वायरवालं: पुढच्या चाकाच्या स्पोकवर छोटं लोहचुंबक, चिमट्यावर सेन्सर, तिथून हँडलपर्यंत वायर. चुंबक सेन्सरसमोरून गेलं की एक फेरा मोजला जातो. यात जोडणी करायची नसते, चार्जिंग नसतं, एक नाण्याएवढा सेल बराच काळ पुरतो. दुसरं बिनवायरचं, पण तत्त्व तेच. त्यातल्या स्वस्त यंत्रांचे साधे रेडिओ संकेत उच्चदाबाच्या विजेच्या तारांखाली किंवा काही एलईडी दिव्यांच्या शेजारी गोंधळतात. उभ्या सायकलचा वेग ताशी ६० दाखवला जातो किंवा चालत्या सायकलचा शून्य. सिल्वासाभोवती औद्योगिक वसाहतींना वीज नेणाऱ्या तारा जागोजागी रस्ता ओलांडतात, तेव्हा हा दोष इथे लवकर भोवतो. अँट प्लस किंवा ब्लूटूथ ही बिनतारी पद्धत वापरणाऱ्या नव्या सेन्सरमध्ये ही अडचण फारशी येत नाही. तिसरं जीपीएसवालं: चाकावर काहीच लावायचं नाही, उपग्रहांवरून जागा आणि वेग काढला जातो.

जीपीएस अचूक की चुंबक, हा वाद सायकलवाल्यांत नेहमी रंगतो. फेरीपुरता त्याचा निकाल सरळ आहे. बटण तुम्ही हाताने दाबत असाल तर वेळ यंत्रातलं घड्याळ मोजतं, उपग्रह नाही. जीपीएसची चूक अंतरात येते, वेळेत येत नाही. पण यंत्राला ‘ठरल्या जागी आलो की फेरी आपोआप मोज’ असं सांगितलंत, तर मात्र चूक वेळेत शिरते. ताशी ३० किलोमीटरला सायकल एका सेकंदात ८.३ मीटर पुढे जाते. सेकंदाला एकदा जागा टिपणारं आणि टिपतानाही काही मीटर इकडेतिकडे होणारं यंत्र तुमची रेषा सेकंदभर आधी किंवा नंतर पकडू शकतं. नऊ-दहा मिनिटांच्या फेरीत त्याने बिघडत नाही. मैदानाभोवतीच्या ४०० मीटरच्या फेरीला याच वेगाने ४८ सेकंद लागतात; तिथे एक सेकंद म्हणजे दोन टक्के, आणि कित्येक आठवड्यांच्या मेहनतीने मिळणारी सुधारणाही तेवढीच असते. म्हणून छोट्या फेरीसाठी स्वयंचलित फेरी बंद ठेवा आणि बटण हातानेच दाबा. तेही नेहमी एकाच खुणेवर, पुढचं चाक रेषेवर आलं की. दर वेळी सारखाच उशीर झाला तर तो एकमेकांत वजा होऊन जातो.

चुंबकवाल्या यंत्राची सगळी भिस्त एका आकड्यावर असते: चाकाचा घेर, मिलिमीटरमध्ये. माहितीपुस्तिकेत कोष्टक दिलेलं असतं. ७०० बाय २३ टायरला २०९६, ७०० बाय २८ ला २१३६, ७०० बाय ३२ ला २१५५, २६ बाय १.९५ ला २०५०, २९ बाय २.१ ला २२८८, आणि आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या २८ बाय दीड इंची चाकाला २२२४. हायब्रिडवर ३२ चा टायर असताना यंत्रात २०९६ तसाच राहिला, तर २० किलोमीटर चालल्यावर पडद्यावर साडेएकोणीसही दिसणार नाहीत. कोष्टकापेक्षा प्रत्यक्ष मोजमाप चांगलं. टायरमध्ये नेहमीइतकी हवा भरा, व्हॉल्व्ह बरोबर खाली आणून जमिनीवर खडूची खूण करा, सायकलवर बसून एकाला धरायला सांगा, चाकाचे सरळ रेषेत पाच फेरे होऊ द्या, व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण करा. मधलं अंतर टेपने मोजून पाचने भागा. बसूनच मोजायचं, कारण वजनाने टायर दबतो आणि घेर किंचित कमी होतो.

बसवताना चुंबक आणि सेन्सर यांच्यात पाच मिलिमीटरच्या आसपास फट ठेवा आणि चुंबक सेन्सरवरच्या खुणेसमोरूनच जातंय ना ते चाक हाताने फिरवून पाहा. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर डाव्या बाजूला असतो, सेन्सर उजव्या बाजूला लावा. पुढे सस्पेन्शन असेल तर सेन्सर खालच्या, चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या नळीवर येतो. तिथून वर जाणाऱ्या वायरीला पुरेशी सैल जागा सोडा, नाहीतर पहिल्या खड्ड्यात ती तुटेल. बाकी वायर ब्रेकच्या केबलभोवती गुंडाळून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून खात्री करा. वायरवाली यंत्रं बिघडतात ती बहुतेक याच ताणामुळे.

आता ‘ऑटो पॉज’. सायकल थांबली की वेळ थांबवणारी ही सोय शहरात फिरणाऱ्याला सुखाची असते. फेऱ्या मोजणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी बंद करावी. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, तुम्ही ४० सेकंद उभे राहिलात, तर ते ४० सेकंद ‘चालवण्याच्या वेळा’तून गायब होतात, पाय मात्र तेवढ्यात ताजेतवाने होतात आणि फेरी खोटीच चांगली दिसते. घड्याळ चालू राहू द्या आणि ती फेरी सरळ बाद धरा. काही साध्या यंत्रांत ही सोय बंदच करता येत नाही, त्यांचा ‘राइड टाइम’ चाक फिरत असतानाच पुढे सरकतो. अशा यंत्राने फेऱ्या मोजू नयेत.

यंत्र कितीही चांगलं असलं तरी रस्ता चुकीचा निवडला तर त्याचे आकडे निरुपयोगी. आपल्याकडे ट्रकांची वर्दळ मोठी आहे. पिपरिया, मसाट, आमलीच्या औद्योगिक भागात आणि वापीकडच्या रस्त्यावर सराव करूच नका. कारखान्यांच्या पाळ्या बदलायच्या वेळी तर नाहीच. उजाडल्यावरचा पहिला तास धरा. फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घ्या, म्हणजे सगळी वळणं डावीकडची येतात आणि समोरून येणारी वाहनं कापून कुठेही वळावं लागत नाही. अशी बंद फेरी सापडत नसेल तर जाऊन-येऊन करता येईल असा सरळ पट्टा चालेल, फक्त परतीचं वळण मोकळ्या, दुरून दिसणाऱ्या जागी असावं. सुरुवातीची रेषा चौकात ठेवू नका. किलोमीटरचा दगड, मोरीचा कठडा, क्रमांक रंगवलेला विजेचा खांब अशी न हलणारी खूण निवडा, तीही सपाट सरळ भागात, कारण बटण दाबताना एक हात हँडलवरून क्षणभर सुटणार आहे. आणि पहिली फेरी उभ्या सायकलवरून सुरू करू नका. थोडं मागून वेग घेत या आणि रेषेवर बटण दाबा, तरच पहिली फेरी बाकीच्यांशी ताडून पाहता येईल.

वाऱ्याचाही हिशेब ठेवायला हवा. दमणगंगा जिथे समुद्राला मिळते ते दमण पश्चिमेला, फार लांब नाही. दिवस चढला की तिकडून वारा सुटतो. सकाळी सहाची फेरी आणि संध्याकाळी पाचची फेरी यांची तुलना करण्यात अर्थ नाही. वेळ, दिशा आणि टायरमधली हवा सारखी ठेवून निघालेले आकडेच एकमेकांशी बोलतात.

खानवेलच्या पुढे दुधनीकडे मधुबन धरणाच्या पाण्यालगत जाणारा रस्ता चढउतारांचा आहे आणि चढाच्या सरावासाठी मला तो फार मोलाचा वाटतो. तिथे बंद फेरीची गरज नाही. चढाच्या पायथ्याशी बटण दाबा, माथ्यावर पुन्हा दाबा, उतार मोजू नका. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून वेगळा मान मिळतो, तोही याच विचाराने: सगळ्या शर्यतीतला एक तुकडा वेगळा काढून पाहायचा. डोंगराच्या कुशीत आणि दाट झाडीखाली उपग्रहांचे संकेत क्षीण होतात, तेव्हा अशा रस्त्यावर अंतर चाकाच्या सेन्सरवरूनच घ्यावं.

जून ते सप्टेंबर या भागात पाऊस धो धो पडतो, आणि यंत्राची खरी परीक्षा तेव्हाच होते. आयपीएक्स ७ असा दर्जा लिहिलेला असेल तर ते एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडलं तरी टिकावं अशी चाचणी त्यामागे असते; पावसाला तो पुरेसा. पण चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं झाकण नीट बसलेलं नसेल तर त्या दर्जाला काही अर्थ उरत नाही. घरी आल्यावर यंत्र ब्रॅकेटमधून काढा, मागचे धातूचे ठिपके कोरड्या फडक्याने पुसा. सेलवाल्या यंत्राच्या झाकणाखाली रबराची बारीक रिंग असते, सेल बदलताना ती हरवू देऊ नका. सेल बहुधा सीआर २०३२ असतो. एक जादा सॅडलखालच्या पिशवीत कोरड्या पुडीत ठेवा.

पावसाळ्यात घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागीच धरून ठेवणाऱ्या स्टँडवर, सराव करणार असाल तर खरेदीआधीच एक गोष्ट ध्यानात घ्या. ट्रेनरवर पुढचं चाक स्थिर असतं आणि सायकल जागची हलत नाही. म्हणजे पुढच्या चाकावरचं चुंबकाचं यंत्र शून्य दाखवणार आणि जीपीएसही शून्यच दाखवणार. मागचं चाक फिरतं अशा ट्रेनरवर त्या चाकाच्या हबवर पट्ट्याने बसणारा अँट प्लस किंवा ब्लूटूथ सेन्सर लागतो, आणि तो ओळखणारं यंत्र लागतं. चार महिने घरातच घाम गाळणाऱ्याने ही सोय पाहूनच पैसे मोजावेत.

आता नेमकं काय घ्यावं? पैसे घालायची तयारी असेल तर गार्मिनचा एज १३० प्लस या कामाला अगदी योग्य: लहान, पाच बटणांचा, स्पर्शाचा पडदा नसलेला, फेरीचं बटण असलेला, आयपीएक्स ७ दर्जाचा. त्याहून कमी खर्चात ब्रायटनच्या रायडर १५ सारख्या यंत्रावरही फेरीचं बटण आणि जीपीएस दोन्ही मिळतं. मॉडेल बदलत राहतात, तेव्हा नावापेक्षा आधी सांगितलेल्या अटी लक्षात ठेवा. नकाशे, रंगीत पडदा, फोनवरचे संदेश यांसाठी जास्तीचे हजारो रुपये घालण्याचं कारण मला दिसत नाही.

आणि कमी खर्चातला माझा आवडता मार्ग असा: वेग-अंतरासाठी साधं वायरवालं यंत्र, आणि फेऱ्यांसाठी हँडलवर स्पंजची पट्टी गुंडाळून तिच्यावर बांधलेलं डिजिटल मनगटी घड्याळ. टायमेक्सच्या आयर्नमॅन क्लासिक ३० मध्ये तीस फेऱ्या साठतात आणि नंतर एकेक करून पाहता येतात. कॅसिओचं लोकप्रिय एफ-९१डब्ल्यू त्याहून स्वस्त, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतं. पण त्यात फेरी साठत नाही, एकूण वेळच थांबवून दिसते, वजाबाकी आपण करायची, आणि तासाभरानंतर मोजणी पुन्हा शून्यावर येते. दोन-तीन फेऱ्यांपुरतं ठीक, त्यापुढे टायमेक्सच बरं. या जोडीला चार्जिंग लागत नाही, फोन लागत नाही, आणि एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी, नव्याने सराव सुरू करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी.

दुकानात गेल्यावर यंत्र सुरू करायला लावा. उन्हात बाहेर नेऊन पडदा वाचता येतो का ते पाहा. न बघता फेरीचं बटण तीन-चारदा दाबा आणि यादी उघडून त्या फेऱ्या साठल्या का ते तपासा. ब्रॅकेट आणि सेन्सर वेगळे विकत मिळतात का, हेही विचारा. तुटतात ते हेच भाग. ऑनलाइन मागवलंत तर परत करण्याची मुदत संपायच्या आत हेच सगळं घरी करून घ्या. बिल जपून ठेवा.

फेऱ्यांचे आकडे रोज एका वहीत उतरवा: तारीख, निघायची वेळ, वारा, टायरची हवा, प्रत्येक फेरीची वेळ. ॲप बंद होतात, फोन बदलतात, वही राहते.

शेवटी एक कळकळीची विनंती. बजेट थोडंच असेल तर आधी हेल्मेट, मग मागचा लाल दिवा, आणि उरलेल्या पैशांत कॉम्प्युटर. ट्रक धावतात त्या रस्त्यावर पहाटेच्या अंधारात मागच्या दिव्याशिवाय एकही फेरी मारू नका.